नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातील गोपालकांचा इतिहास वेळेत जतन व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ येत असल्याने नाशिकच्या वारशाविषयी सध्या सर्वत्र सातत्याने लेखन प्रसिद्ध होत आहे आणि त्यातील बरेचसे मी आवडीने वाचतो. पंचवटी, काळाराम मंदिर, गोदाघाट, त्रिरश्मी लेणी, रामशेज या सर्वांवर लिहिले गेलेच पाहिजे. तथापि या वारशाची हद्द बहुधा त्र्यंबकेश्वरापाशी संपते. त्यापलीकडचा हरसूल, पेठ, सुरगाणा आणि दक्षिणेकडचा घोटी, इगतपुरी हा डोंगरी पट्टा पावसाळी सहलीच्या वर्णनापुरता उरतो. तेथे ज्यांनी रानात वाटा पाडल्या, उतारावर ताली घालून भाताची खाचरे उभी केली आणि धो धो पावसात टिकणारी गाय घडवली, त्यांचा इतिहास या लेखनात अद्याप यथोचित आलेला नाही. पशुसंवर्धनाच्या कामानिमित्त माझी नोकरीची बरीच वर्षे याच पट्ट्यात गेली, म्हणून हे पत्र लिहिणे मला कर्तव्य वाटते.

नाशिकच्या इतिहासात गाय ही नंतर आलेली गोष्ट नाही. त्रिरश्मी लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे आणि त्यात त्याने तीन लाख गायी दान दिल्याचे कोरलेले आहे. हा आकडा कुणी अलंकारिक मानला, तरी एवढ्या गोधनाची भाषा ज्या प्रदेशात बोलली जाते, तेथे कुरणे होती, पाणवठे होते आणि ती गुरे राखणारी माणसेही होती, हे मान्य करावेच लागते. याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षातील लेख आहे, आणि आभीर हे परंपरेने गोपालक समजले जातात. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. ज्यांनी ती जनावरे वाढवली, त्यांची नोंद कुणी केली नाही. तेव्हापासूनची ही उणीव आजच्या पिढीला थोडीफार तरी भरून काढता येण्याजोगी आहे.

या पट्ट्याची ओळख म्हणजे डांगी गुरे. डांग प्रदेशावरून नाव पडलेली ही जात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, शेजारचा अकोले तालुका आणि घाटाखालचा काही भाग एवढ्यातच प्रामुख्याने आढळते. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके आणि पट्टे, मध्यम पण भरीव बांधा, आखूड पाय आणि काळे, गारगोटीसारखे कठीण खूर असे हे जनावर असते. श्रावणात एखादा डांगी बैल भर पावसात उभा असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा. कातडीतून पाझरणारा तेलकट अंश बोटांना लागतो आणि पाणी अंगात न मुरता वरच्या वर ओघळून जाते. दुसरे एखादे जनावर त्याच पावसात आठवडाभर काढील तर त्याचे खूर कुजतील आणि ते थंडीने गारठेल. डांगी मात्र चिखलात औत ओढत राहते. हा गुण एका दिवसात आलेला नाही. कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखायचा, कोणता खच्ची करायचा, कोणत्या गायीची वासरे पावसाला दाद देत नाहीत, याचे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, तेव्हा ही जात सिद्ध झाली. ज्यांनी हे निर्णय घेतले ते महादेव कोळी, कानडी (हे येथे एका पशुपालक समाजाचे नाव आहे), ठाकर आणि मराठा पशुपालक होते. पशुपैदास हे शास्त्र असेल, तर ही मंडळी त्या शास्त्राची जाणकार होती, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

यांतील कानडी पशुपालकांचे वर्ष गुरांबरोबर फिरण्यात जाई. पावसाळ्याचे महिने सोडले, तर चारा आणि पाणी पाहून खिल्लार, म्हणजे गुरांचा कळप, एका रानातून दुसऱ्या रानात हलवायचे. गुरांची दुपारची विसाव्याची जागा, म्हणजे गोठण, ठरलेली असे. पाणवठे आणि घाटातून उतरण्याच्या वाटा ठरलेल्या असत आणि कोणत्या गावाच्या शिवारात किती दिवस बसायचे, याचेही संकेत असत. याच पट्ट्यात अश्विन वद्य द्वादशीला, शहरात ज्या दिवशी वसुबारस होते त्याच दिवशी, वाघबारस साजरी होते. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, नैवेद्य दाखवतात, पोरांपैकी कुणी वाघ होतो, कुणी अस्वल होते आणि बाकीची पोरे त्यांना शिवाराबाहेर पिटाळतात. वाघ कोरलेले हे दगड आणि लाकडी फळ्या आजही अनेक वाड्यापाड्यांजवळ उभ्या आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने या खुणा फार मोलाच्या आहेत, कारण वाघोबा जेथे आहे तेथून पूर्वी गुरांची वाट जात असावी, असा अंदाज बांधण्यास त्यामुळे आधार मिळतो. रस्त्याच्या रुंदीकरणात असा दगड हलवला गेला की तो आधारच नाहीसा होतो.

येथे मला अमेरिकेच्या पश्चिम भागातील एका उदाहरणाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. मोंटाना राज्यातील डीअर लॉज या गावाजवळ ग्रँट-कोर्स नावाची एक जुनी रँच, म्हणजे गुरे पाळण्याची मोठी वाडी, आहे. जॉनी ग्रँट याने ती वसवली आणि १८६६ मध्ये कॉनराड कोर्स याने ती विकत घेतली. १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. मालकाच्या घराबरोबर मजूर गुराखी जेथे राहत ती ओळीने बांधलेली खोल्यांची इमारत, लोहारकाम, गोठे, गवताची कुरणे असे सगळेच तेथे राखलेले आहे, आणि गुरे आजही पाळली जातात. त्या भागातील लहानलहान काउंटींमध्येही (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांतही) स्थानिक इतिहास मंडळे असतात. निवृत्त शिक्षक, शेतकरी, गृहिणी अशी गावचीच माणसे ती चालवतात आणि जुन्या शाळेच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या इमारतीत संग्रहालय थाटतात. गुरांवर डाग देण्याच्या प्रत्येक मालकाच्या खुणेची तेथे सरकारी नोंद होते, आणि त्या नोंदवह्या आता इतिहासाचे साधन बनल्या आहेत. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर जमीन मागणाऱ्याला पाच वर्षे तेथे राहून कसल्याचा पुरावा द्यावा लागे. घर केवढे बांधले, विहीर खणली का, किती जमीन नांगराखाली आणली, याविषयी त्याची आणि शेजाऱ्यांची साक्ष घेतली जाई. हे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात असल्याने आज कुणाही नातवाला आपल्या आजोबांनी पहिल्या वर्षी काय पेरले, हे वाचता येते.

आपल्या दृष्टीने त्याहून बोधप्रद आहे ती लाँगहॉर्न गुरांची हकीकत. टेक्ससची ही लांब शिंगांची काटक जात एकेकाळी लाखोंच्या संख्येने होती. काटेरी तारांची कुंपणे आली, मोकळी कुरणे संपली, १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडची असंख्य गुरे मेली, आणि मांसासाठी युरोपातील जातींशी संकर करण्यावर भर आला. पुढे लाँगहॉर्न जवळजवळ नामशेष होत आली, तेव्हा १९२७ मध्ये ओक्लाहोमातील विचिटा माउंटन्स अभयारण्यात सरकारने निवडक जनावरांचा एक कळप उभा केला आणि जात वाचली. डांगीची परिस्थिती तंतोतंत तशी आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु कारणे ओळखीची आहेत. दुधाला डांगी गाय कमी, औताला ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आले, चराईची राने आक्रसली आणि घरातील तरुण मुलगा नाशिक किंवा मुंबईकडे कामाला गेला. त्यामुळे चांगला वळू पाळणे परवडेनासे होते, आणि वळू गेला की जातीचा कस जातो.

अमेरिकेच्या या उदाहरणातील एक गंभीर दोषही येथे स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण तो आपण गिरवता कामा नये. तेथील आरंभीच्या वसाहतकाऱ्यांचा गौरव करताना, ती जमीन लकोटा, शायान, शोशोनी अशा मूळ रहिवाशांची होती, त्यांच्या उपजीविकेचा आधार असलेले रानगवे (बायसन) मारून संपवण्यात आले आणि तह मोडून त्यांना हुसकावण्यात आले, हा भाग तेथील स्थानिक इतिहासाने फार काळ झाकून ठेवला. मोंटानातील ज्या रणभूमीवर १८७६ मध्ये लकोटा आणि शायान योद्ध्यांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टर याच्या घोडदळाचा पराभव केला, त्या स्मारकाला कस्टरचेच नाव होते. ते १९९१ मध्ये बदलून लिटल बिगहॉर्न करण्यात आले आणि तेथे लढलेल्या मूळ रहिवाशांचे स्मारक २००३ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, उभे राहिले. आपण आरंभच करत असल्याने एवढा उशीर करण्याचे आपल्याला काही कारण नाही.

आपल्या पट्ट्याचा इतिहासही निव्वळ वाटा पाडण्याचा आणि खाचरे बांधण्याचा नाही. तो हक्क गमावण्याचाही आहे. सावकारी पाश आणि इंग्रजी अंमलात गेलेले परंपरागत अधिकार यांविरुद्ध महादेव कोळ्यांना घेऊन उठलेले राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये भागोजी नाईक यांच्या भिल्लांनी नांदूर शिंगोट्याजवळ इंग्रजी तुकडीशी झुंज दिली, आणि पुढे दोन वर्षे हा लढा चालू राहिला. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला आली, त्याबरोबर बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या तांड्यांचा व्यवसाय ओसरला. १८७८ च्या वन कायद्याने राने राखीव झाली, आणि ज्या रानात आजोबा मुक्तपणे गुरे चारत होते, तेथे नातवाला शुल्क भरावे लागले, नाहीतर गुन्हेगार ठरावे लागले. पुढे धरणे झाली. इगतपुरी तालुक्यातील दारणा धरण १९१६ चे, ऊर्ध्व वैतरणा १९७३ चे. दारणेच्या पाण्यावर खालच्या भागातील ऊसमळे आणि बागायती उभी राहिली आणि वैतरणेने मुंबईची तहान भागवली, याबद्दल कुणाला आकस असण्याचे कारण नाही. परंतु त्या जलाशयांखाली नदीकाठची गवताळ जमीन गेली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे आणि ते तितक्याच ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.

हा इतिहास कोठे सापडेल, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे बरेचसे उत्तर आपल्याच दप्तरांत आहे. १८८३ चे नाशिक गॅझेटिअर पुष्कळांना ठाऊक असते, परंतु ते राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेले आहे. त्याहून जिवंत कागद गावपातळीवर आहेत. उदाहरणार्थ कोंडवाड्याची नोंदवही. १८७१ च्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घातले जाई आणि त्याची नोंद होई. मी पाहिलेल्या अशा एका वहीत तारीख, जनावर आणणाऱ्याचे नाव, मालकाचे नाव आणि दंडाची रक्कम यांबरोबर जनावराचे वर्णनही, रंगांच्या स्थानिक नावांसह, होते: बाहाळा बैल, डावे शिंग मोडके, उजव्या मांडीवर डाग, पारी गाय, कपाळावर चांद, पोटाखाली वासरू. पानामागून पान असे वर्णन वाचत गेले की त्या गावात कोणत्या रंगाची, कोणत्या वळणाची गुरे होती, कोणाकडे किती होती, दुष्काळी वर्षात किती जनावरे पिकांत घुसली, हे सगळे नजरेसमोर उभे राहते. ती वही नंतर कार्यालयाच्या नव्या इमारतीत जाताना रद्दीबरोबर विकली गेली. त्या गावाचे नाव मी येथे देत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. अशा वहीला ऐतिहासिक मोल असते, हे तेथील कोणालाही कधी कुणी सांगितलेच नव्हते. जुनी फेरफार पत्रके, मोडीतील पाहणीचे कागद, चराईच्या पावत्या, बाजार समितीच्या गुरांच्या बाजारातील दाखले, १९१९-२० पासून होत आलेल्या पशुगणनेचे गावनिहाय तक्ते हे सर्व याच प्रकारात मोडतात.

दुसरे साधन म्हणजे माणसांची स्मृती, आणि ते सर्वांत लवकर संपणारे आहे. ज्यांनी बालपणी खिल्लारामागे पायपीट केली, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गुरांना हाका मारण्याचे प्रकार, रोगांवरची झाडपाल्याची औषधे, गोठणींची आणि पाणवठ्यांची नावे, घाटातील वाटांचा क्रम हे त्यांच्यापाशी आहे आणि बहुतेक ठिकाणी ते कागदावर उतरलेले नाही. नेव्हाडातील एल्को या गावी १९८५ पासून दरवर्षी गुराख्यांचे काव्यसंमेलन भरते आणि रँचवर काम करणारी माणसे तेथे स्वतःच्या रचना म्हणतात. आपल्याकडे बोहाड्याची सोंगे आहेत, डोंगऱ्या देवाच्या उत्सवातील कथा आहेत, गुराख्यांची गाणी आहेत. त्यांना व्यासपीठ देण्यासाठी फार खर्च लागत नाही.

कुणी म्हणेल की हे सारे हौसेचे काम आहे आणि आदिवासी भागापुढे याहून तातडीचे प्रश्न आहेत. मला हे मान्य नाही. वन हक्क कायदा, २००६ याने गुरे चारण्याच्या परंपरागत हक्काला स्पष्ट मान्यता दिली आहे, आणि त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुने सरकारी दस्तऐवज आणि परंपरागत चराईच्या जागा हे पुरावे म्हणून स्वीकारले जातात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जे हजारो शेतकरी पायी गेले, त्यांच्या मागण्यांत वन हक्कांची अंमलबजावणी ही प्रमुख मागणी होती. म्हणजे आजोबांची आठवण लिहून ठेवणे हे त्या गावाच्या दाव्याचे कामही आहे. त्याचप्रमाणे जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही तयार होणे अपेक्षित असते. तीत वनस्पतींची यादी पुष्कळदा भरलेली दिसते. डांगी गुरांची, त्यांच्या रंगभेदांची आणि ती पाळणाऱ्यांच्या ज्ञानाची पाने मात्र त्रोटक असतात. नोंदवही अस्तित्वात आहे, ती भरण्याची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे, आणि म्हणून नव्या योजनेची वाट पाहण्याचेही प्रयोजन नाही.

आपल्या जिल्ह्यात संग्रहालयांची परंपरा चांगली आहे. अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, सिन्नरला खनिजांचे संग्रहालय आहे, १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाने जुन्या वस्तू आणि पोथ्या सांभाळल्या आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. मुक्त विद्यापीठ येथेच आहे. एवढे असताना पश्चिम पट्ट्यातील गोपालकांसाठी घोटी येथे एक लहानसे, तालुक्याच्या लोकांनी चालवलेले संग्रहालय उभे राहणे अशक्य नाही. घोटीचेच नाव सुचवण्याचे कारण असे की तेथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरण्याची परंपरा आहे आणि परिसरातील पशुपालकांची तेथे नेहमीची ये-जा असते. संग्रहालय गावकऱ्यांच्या पायाखालच्या वाटेवर असेल, तरच ते त्यांचे राहते. त्यात लोढणे, घुंगरमाळ, इरले, डाग देण्याची सळई, नांगर या वस्तू असाव्यात. पण त्यांच्याइतकीच जागा माणसांच्या नावांना असावी. प्रत्येक पाड्याचा एक फलक, त्यावर तेथे पहिली वस्ती कोणी केली, कोणत्या कुळांची गुरे कोठे चरत, धरणात किंवा राखीव रानात काय गेले, हे त्या पाड्यानेच तपासून लिहिलेले असावे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी, कानडी, मराठा यांपैकी एखाद्याचे नाव मोठे आणि दुसऱ्याचे गाळलेले, असे होऊ नये.

वेळेचा प्रश्न मात्र खरोखरच आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबईहून इगतपुरी आता फार जवळ आले आणि डोंगरउतारांवर रिसॉर्ट, फार्महाउस, प्लॉट यांची मागणी वाढली. सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वराकडचे रस्ते रुंद होत आहेत. या कामांना विरोध करण्याचा माझा हेतू नाही. काम सुरू होण्यापूर्वी त्या पट्ट्यातील वाघोबाची ठाणी, जुन्या गोठणी, दगडी पाणवठे आणि घाटवाटा यांचे छायाचित्रांसह सर्वेक्षण व्हावे आणि त्यांना नकाशावर स्थान मिळावे, एवढीच अपेक्षा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी हे काम एका हिवाळ्यात करू शकतात. गायरान जमिनींच्या बाबतीतही, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरणीसाठी राखून ठेवलेले क्षेत्र प्रत्येक गावात आज किती उरले आहे, हे ग्रामसभेपुढे वाचून दाखवले जावे.

माननीय जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या चार तालुक्यांतील सर्व ग्रामपंचायतींना कोंडवाड्याच्या, चराईच्या आणि जुन्या महसुली नोंदवह्या रद्दीत न काढण्याचे लेखी आदेश त्वरित द्यावेत आणि त्या तालुक्याच्या ठिकाणी जमा करून त्यांच्या डिजिटल प्रती काढाव्यात. ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी वही, जुना दाखला किंवा गुरांच्या बाजारातील छायाचित्र असेल, त्यांनी ते आपल्या गावच्या शाळेत किंवा वाचनालयात नेऊन दाखवावे, मागे नावे आणि साल लिहून ठेवावे आणि त्याची एक प्रत तेथे द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुसंवर्धन कर्मचारी,
नाशिक